नऊ क्रमांकाचा मुलगा

पुसद, जि. यवतमाळ
१० जून २०२४

आदरणीय उल्का पेंडसे मॅडम,
सप्रेम जयभीम.

मी राधा भीमराव इंगोले, प्रज्ञेशची आई. प्रज्ञेश पुण्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. कात्रजला मित्राबरोबर खोली करून राहायचा. फेब्रुवारीत त्याच इमारतीच्या गच्चीवरून पडून तो गेला. पाय घसरला असं पोलिसांनी लिहिलं आहे.

तुमच्या विभागात मी बरेचदा फोन केला. प्रत्येक वेळी एका मुलीनं सांगितलं की मॅडम तासावर आहेत. म्हणून हे पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवते, म्हणजे कोणाला तरी सही करून घ्यावंच लागेल. मी प्राथमिक शिक्षिका आहे. वरच्या साहेबांना कसं गाठायचं हे नोकरीनं शिकवलं.

प्रज्ञेशचा खोलीतला मित्र शंभू, त्याच्याहून एक वर्ष पुढचा, प्रज्ञेशचं सामान घेऊन आला होता. शंभूची आई तो लहान असतानाच वारली, म्हणून सुट्टीत तो आमच्याकडेच असायचा. बोलता बोलता म्हणाला, "काकू, आम्ही दोघंबी सकाळी उठल्याबरोबर मोबाइलमध्ये सपनं सांगत होतो. मानसशास्त्रवाल्या मॅडमचं संशोधन होतं. महिनाभर रोज."

मॅडम, त्याचे कपडे आले, पुस्तकं आली, चष्मासुद्धा आला. मोबाइल फुटला होता. त्याचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही. तुमच्याकडे महिनाभराचा आहे. तो मला पाठवा. मला दुसरं काही नको.

आपली,
राधा इंगोले


पुणे
२४ जून २०२४

श्रीमती राधाबाई इंगोले यांस,

आपलं पत्र मिळालं. सही मीच केली. आपल्या मुलाबद्दल वाचून फार वाईट वाटलं. फोन मला मिळाला नाही हे खरं, आणि बहुतेक वेळा मी खरोखरच तासावर असते हेही खरं.

आपली मागणी मात्र पुरी करता येणार नाही. कारणं सांगते, म्हणजे मी उडवून लावते आहे असं वाटायला नको. घराबाहेर राहणाऱ्या मुलांच्या स्वप्नांचा हा अभ्यास होता. मुलं सकाळी जे बोलून पाठवत, ते आमच्या विद्यार्थिनी कागदावर उतरवत. बोली प्रत्येकाची वेगळी, आणि शब्द मोजायचे, म्हणून सगळं प्रमाण मराठीत लिहून घेतलं. उतरवून झाल्यावर आवाज पुसून टाकला. नियम तसाच आहे. कागदावर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. आणि नाव कोणालाही सांगणार नाही असं आम्ही मुलांना लेखी कबूल केलेलं आहे. आईवडिलांनाही नाही, हे शब्द मुलांनीच आग्रहानं घालायला लावले होते.

आणखी एक. मी कित्येक वर्षं स्वप्नांचं मानसशास्त्र शिकवते. लोकांना वाटतं स्वप्न म्हणजे बंद पाकीट, आम्ही ते फोडून वाचतो. तसं काही नसतं. झोपेत मेंदू दिवसभराचं सामान इकडचं तिकडे करतो. आम्ही त्यात माणसं किती आणि भावना कोणती एवढं मोजतो. त्यातून एखाद्या मुलाबद्दल काही सांगणं हे शास्त्र नव्हे. ते काम करणारे लोक पुण्यात पुष्कळ आहेत आणि त्यांच्या पाट्याही मोठ्या आहेत.

कळावे.
उल्का पेंडसे


पुसद
९ जुलै २०२४

मॅडम,
जयभीम.

तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. हे, म्हणजे प्रज्ञेशचे वडील, फेब्रुवारीपासून फार बोलत नाहीत. ते म्हणाले, "पोरगंच गेलं आपलं. आता त्याचे सपनं मागून काय होते, राधा?" आणि उठून गेले. तुमचं नि त्यांचं एकच म्हणणं आहे. तुम्ही फक्त ते नीट टाइप करून पाठवलं.

आवाज पुसला हे वाचलं, मग मी बराच वेळ पुढचं वाचलंच नाही. पुसला तर पुसला. फळा मीही रोज पुसते.

पण मला स्वप्न का हवं आहे ते तुम्हाला कळलेलं नाही, कारण मी नीट सांगितलं नाही. आता सांगते. पाय घसरला असं कागदावर आहे. गावात लोक मला भेटायला येतात, कागदावरचंच बोलतात आणि दारातून बाहेर पडल्यावर वेगळं बोलतात. माझ्या सख्ख्या भावानं विचारलं, पोराचं कुठं काही बिनसलं होतं का. मी नाही म्हणाले. मग रात्रभर मीच स्वतःला विचारलं. फोनवर तो नेहमी एकच सांगायचा: जेवलो, अभ्यास चालू आहे, ठेवतो. तुमच्याजवळ तो रोज सकाळी मोकळं बोलायचा. आईजवळ नाही, तुमच्याजवळ.

मला भविष्य नको की अर्थ नको. माझं पोर दुःखात होतं का, एवढंच मला कळायला हवं. घसरला असेल तर मी रडेन आणि जगेन. दुसरं काही असेल तर तेही मीच सोसायचं आहे, तुमच्या नियमानं नाही. तुम्हाला नाव सांगता येत नाही ना, नका सांगू. सगळ्या मुलांची द्या. मी ओळखते. चाळीस पोरांच्या वह्यांवरची नावं झाकून ठेवा, कोणती कोणाची ते मी सांगते. हा तर माझ्या पोटचा आहे.

राधा इंगोले


पुणे
२९ जुलै २०२४

राधाताई,

तुमच्या पत्रानंतर दोन दिवस मला वर्गात नीट शिकवता आलं नाही. हे सांगायचं नव्हतं, पण तुम्ही आडपडदा ठेवत नाही, तर मी तरी कशाला ठेवू.

सोबत बारा मुलांची स्वप्नं पाठवते आहे. प्रत्येकाची दोन-तीन निवडली आहेत. गावांची, माणसांची नावं काढली आहेत. वर एक ते बारा क्रमांक आहेत. यांत प्रज्ञेश आहे. कोणता ते मी सांगणार नाही. माझ्याकडे यादी आहे, पण मी दिलेला शब्द मोडणार नाही. तुम्ही स्वतः ओळखलंत तर तो माझा दोष राहत नाही. हे लिहितानाच मला कळतंय की ही पळवाट आहे. आमच्या धंद्यात तिला मध्यममार्ग म्हणतात.

तुम्ही न विचारलेलं एक सांगते. ही स्वप्नं रोज येत होती, पण आम्ही रोज वाचत नव्हतो. एखाद्याचं वाचून मत बनलं तर मोजणी बिघडते, म्हणून सगळी गोळा झाल्यावर एकदम उघडतात. आम्ही मार्चमध्ये उघडली.

कागद वाचून झाल्यावर कृपा करून जाळून टाका.

तुमची,
उल्का


पुसद
१८ ऑगस्ट २०२४

उल्काताई,
जयभीम. आता ताई म्हणते, रागावू नका.

ओळखलं. पाकीट फोडून एकेक कागद वाचत गेले, चौथ्या क्रमांकाशी आले आणि हसूच आलं मला. किती महिन्यांनी हसले. तुम्ही नावं काढलीत, पण माझं घर कसं काढाल? निळा पत्र्याचा दरवाजा, दारातला बदाम, रेडिओवर ठेवलेली माझ्या चष्म्याची डबी. आई पाटवड्या करते आहे, घरात माणसंच माणसं आहेत, छप्पर उडून गेलं आहे आणि कोणाला त्याचं काही नाही, वरून नुसतं ऊन येतं आहे. आणि आई म्हणते, "जेवल्याशिवाय कोणी उठायचं नाही." ताई, हे माझं वाक्य आहे. मी शाळेतल्या पोरांनाही खिचडीच्या वेळी हेच म्हणते. पुढे लिहिलं आहे, "मी इतका हसलो की हसण्यानं जाग आली."

हसत जागा होणारा मुलगा गच्चीवरून उडी मारत नाही. पाय घसरला असणार. गच्चीवर वाळत घातलेलं काहीतरी काढायला गेला असेल. धांदरट होताच.

मी यांना वाचून दाखवलं. यांनी त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. मग म्हणाले, "पाटवडी कर ना एखाद्या दिवशी." मी न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले. ते रडणं वेगळं होतं. तुमचे उपकार मी कशानं फेडू?

कागद मात्र जाळले नाहीत. एक काम राहिलं आहे. तो नऊ क्रमांकाचा मुलगा कोण आहे? त्याला आधी जाऊन भेटा. तो स्वारगेटला उभा राहून प्रत्येक गाडीला विचारतो, ही कुठे जाते, आणि एकही कंडक्टर त्याच्याकडे बघत नाही. मार्केट यार्डात तो पोत्यांच्या थप्पीत बसला आहे, हमाल पोती मोजतात आणि त्यालाही मोजतात. तो म्हणतो, "मी काही बोललो नाही. मोजलं याचंच बरं वाटलं." आणि ते तिसरं तर वाचवत नाही. घरी सगळे जेवायला बसले आहेत, आई सगळ्यांची ताटं मांडते, त्याचंच मांडत नाही. तो तिथेच बसलेला आहे. तो म्हणतो, "मी आठवण करून दिली नाही. तिला कशाला त्रास."

कोणत्या आईचं लेकरू आहे हे? असं कसं दिसतं त्याला? आमच्या घरी प्रज्ञेशचं ताट सगळ्यांत आधी मांडलं जायचं, तो पुण्याला असला तरी सवयीनं हात जायचा. या बाईचं लक्ष कुठे आहे? ताई, तुमच्या शास्त्रात बसत नसेल, पण मी इतकी वर्षं पोरं पाहिली आहेत. हे पोर बरं नाही. माझं गेलं. याच्याकडे कोणीतरी बघा.

तुमची,
राधा


पुणे
४ सप्टेंबर २०२४

राधाताई,

पत्र मिळालं. भीमराव जेवू लागले हे वाचून बरं वाटलं.

तुम्ही ओळखलंत त्याबद्दल मी हो किंवा नाही म्हणू शकत नाही, हे आधीच ठरलं होतं. तुम्हाला शांतता मिळाली असेल तर ती तुमची आहे.

नऊ क्रमांकाच्या मुलाबद्दल तुमची काळजी समजते. अभ्यास संपलेला आहे. विभागाकडून जे करण्यासारखं होतं ते आता उरलेलं नाही. कृपा करून त्याचा विचार करू नका. कागद जाळून टाका, ही पुन्हा विनंती.

उल्का


पुसद
२२ सप्टेंबर २०२४

उल्काताई,

तुमचं एवढं कोरडं पत्र तर पहिल्या वेळचंही नव्हतं. अभ्यास संपला म्हणजे काय? परीक्षा संपली म्हणून आम्ही पोरांना ओळख दाखवत नाही का? मोजणी झाली, माणसं किती, भावना कोणती, आणि पोर तसंच पोत्यांत बसलेलं. तुम्ही इतक्या शिकलेल्या, तुम्हाला मी काय सांगायचं? पण राग आला म्हणून लिहिते.

यासोबत एक पार्सल आहे. त्यात स्टीलचं ताट आहे. प्रज्ञेशच्या पहिल्या वाढदिवसाला माझ्या आईनं दिलं होतं, त्यावर त्याचं नाव कोरलेलं आहे. तो गेल्यापासून मी ते फडताळात उलटं घालून ठेवलं होतं. मांडवत नाही आणि कोणाला देववत नाही. चौथ्या क्रमांकाचं स्वप्न वाचल्यापासून मात्र वाटायला लागलं आहे की माझं पोर भरल्या घरातून, पोटभर हसून गेलं. त्याला आता ताट नको. ज्याला कोणी मांडत नाही त्याला हवं.

नवव्या मुलाला शोधून हे द्या. तुमच्याकडे यादी आहे, तुम्हाला अवघड नाही. पुसदच्या एका काकूनं पाठवलं म्हणा. वर दुसऱ्याचं नाव आहे म्हणून संकोच करू नको, असं सांगा त्याला. आणि एकदा त्याच्यासमोर बसून त्याला जेवताना बघा. मी आले असते, पण पुण्याचं नाव काढलं की माझे पाय उचलत नाहीत.

मला फक्त एवढं कळवा की ताट त्याला पोचलं.

राधा


पुणे
१४ ऑक्टोबर २०२४

राधाताई,

पार्सल मिळालं. उत्तराला उशीर झाला. चार वेळा लिहिलं आणि फाडलं.

ताट माझ्या टेबलावर आहे. विद्यार्थी येतात, नाव वाचतात, कोणाचं म्हणून विचारतात. मी सांगत नाही. या सहामाहीत स्वप्नांवरचा भाग मी शिकवायला घेतलेला नाही, दुसऱ्या एका मॅडमना दिला. त्या चांगलं शिकवतात. मुलांना आवडतं.

ताट त्या मुलापर्यंत पोचवणं माझ्या हातात नाही. पण ते चुकीच्या जागी पडलेलं नाही, एवढं मी तुम्हाला खरं सांगू शकते. यापुढे मला काही विचारू नका. तुम्ही विचारलंत तर मला खोटं बोलता येणार नाही, आणि खरं बोलायचं धैर्य माझ्यात नाही.

उल्का


पुसद
७ नोव्हेंबर २०२४

उल्काताई,

दिवाळीच्या सुट्टीत शंभू आला होता. आता त्याला हिंजवडीत नोकरी लागली आहे. मी पाटवड्या केल्या. हे आमच्यात येऊन बसले, बोललेही थोडं. घर भरल्यासारखं वाटलं, म्हणून मी हौसेनं चौथ्या क्रमांकाचा कागद काढला आणि त्याला वाचून दाखवायला लागले. बघ म्हटलं, तुझ्या मित्राला काय दिसायचं.

छप्पर उडाल्याचं आलं तसा तो जेवायचा थांबला. मी वाचतच राहिले. शेवटी म्हणाला, "काकू, हे माहं सपन हाये. मीच सांगतलं होतं. मले तुमचंच घर दिसे नेहमी. माह्या आईचं तोंड आठवत नाही न मले, म्हणून तुम्ही दिसत होत्या."

घर माझंच होतं, ताई. मी चुकले नव्हते. पण स्वप्न त्याचं होतं.

मग मी सगळे कागद त्याच्यापुढे ठेवले. हे म्हणाले, "राहू दे, राधा." मी ऐकलं नाही. शंभूनं नऊ क्रमांकावर बोट ठेवलं. पोत्यांचं स्वप्न प्रज्ञेशनं त्याला चहा पिताना सांगितलं होतं. "आम्ही दोघं हसलो होतो, काकू," म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडला. मी त्याला जवळ घेतलं. त्याचा काय दोष?

तुम्हाला यादी माहीत होती. मी त्या बाईला नावं ठेवत होते, तिचं लक्ष कुठे आहे म्हणून विचारत होते, आणि तुम्ही वाचत होतात. तुमच्यावर रागावायला गेले, तर तेवढीही ताकद आता माझ्यात नाही. तुम्ही मार्चमध्ये उघडलं. फेब्रुवारीत तो गेला. या दोन्हींच्या मध्ये कोण होतं? कोणीच नाही.

एक मात्र मनातून जात नाही. तुमच्या मुलींनी त्याची बोली काढली. "मी आठवण करून दिली नाही, तिला कशाला त्रास," असं माझं पोर बोलतच नव्हतं. तो म्हणाला असेल, "मी आठोन देल्ली नाही. तिले कायले तरास." हे असं लिहिलेलं असतं तर पहिल्याच ओळीला मी ओळखलं असतं. तुम्ही मोजायला सोपं केलं आणि आईला परकं केलं. मी चाळीस पोरांच्या वह्या ओळखायच्या गोष्टी सांगत होते, आणि माझंच लेकरू माझ्यासमोर बसलेलं मला दिसलं नाही. स्वप्नातही नाही आणि कागदावरही नाही.

आणि ताट तर मी मांडत होते हो. का दिसलं त्याला असं? तुमच्या शास्त्रात याचं उत्तर नाही हे तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, म्हणून विचारत नाही.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. तो दुःखात होता. घसरला की नाही ते आता कोणी सांगू शकणार नाही, आणि लोकांनी विचारलं तर मी कागदावरचंच सांगेन.

ताट परत पाठवा. नवव्या मुलाचा पत्ता मला सापडला आहे. त्याचं ताट रोज मांडायचं आहे.

राधा